देजाव्हू फाइल : तिची रचना, ती उघडण्याची रीत व तींतील अंकांचा भरंवसा

संशोधनाच्या कामांत आम्हांस साह्य करणाऱ्या एका स्नेह्यांनीं गेल्या वर्षीं आमच्याकडे एक फाइल पाठविली. एका जुन्या घराण्याच्या कागदांचें एक पुस्तक पूर्वीं छापलें गेलें होतें. त्याची प्रत आतां बाजारांत मिळत नाहीं, म्हणून कोणीं तरी पानापानाचें छायाचित्र घेऊन तें पुस्तक संगणकावर उतरविलें, आणि हातोहात फिरत तें आमच्यापर्यंत आलें. फाइलीच्या नांवाचें शेपूट वाटेंत कोठें तरी गळालें होतें. संगणकास ही वस्तु कोणत्या जातीची आहे हें कळेना व त्यानें ती उघडण्याचें साफ नाकारलें. स्नेह्यांचें म्हणणें पडलें कीं, फाइल नासली आहे, टाकून द्यावी. वस्तुतः फाइल नासली नव्हती. तींत जें नासलें होतें तें निराळेंच होतें, आणि तें फाइल उत्तम प्रकारें उघडल्यानंतर मग ध्यानांत आलें. हल्लीं जुन्या छापील साधनांच्या व हस्तलिखितांच्या अशा प्रती संग्राहकांमध्यें सर्रास फिरत असल्यामुळें ही हकीकत सविस्तर देतों.

कागद हातीं आला म्हणजे आपण प्रथम त्याचा मायना पाहतों. मायन्यावरून पत्र, सनद कीं महजर हें सामान्यतः ठरतें. संगणकाच्या फाइलीसही मायना असतो. कोणतीही फाइल म्हणजे शून्यापासून २५५ पर्यंतच्या अंकांची एक लांब ओळ होय. या प्रत्येक अंकास बाइट म्हणतात. नांवाचें शेपूट हा केवळ वरचा वेष्टनपत्ता. तो गळाला तरी आंतील मायना कायम राहतो. बाइट जसेचे तसे दाखविणारे साधे प्रोग्रॅम मिळतात. त्यांपैकीं एकांत ही फाइल घातली तेव्हां आरंभींचे चार बाइट षोडशमान पद्धतीनें ४१, ५४, २६, ५४ असे दिसले. रोमन लिपींत त्यांचा अर्थ ए, टी, 'अँड'चें चिन्ह व टी असा होतो. त्यापुढें 'फॉर्म' हा चार अक्षरांचा शब्द, त्यापुढें चार बाइटांत लांबीचा आंकडा आणि त्यानंतर डी, जे, व्ही, एम हीं अक्षरें होतीं. एवढ्यावरून निदान झालें. ही देजाव्हू नांवाच्या जातीची, अनेक पानांची फाइल होती. एकच पान असतें तर शेवटचें अक्षर एम च्या जागीं यू असतें. नांवाच्या शेवटीं टिंब देऊन डी-जे-व्ही-यू हीं चार अक्षरें लाविलीं आणि योग्य प्रोग्रॅमच्या हवालीं केली, तों फाइल बिनतक्रार उघडली.

आरंभींची तीं चार चिन्हें या जातीचें जन्मस्थान सांगतात. अमेरिकेंतील ए. टी. अँड टी. या कंपनीच्या संशोधनशाळेंत १९९६ पासून हें काम सुरू झालें, आणि लेऑं बोतू, पात्रिक हाफनर, पॉल हॉवर्ड, पात्रिस सिमार, योशुआ बेंजिओ व यान लकून या सहा जणांच्या नांवें १९९८ मध्यें त्याचें शास्त्रीय विवरण प्रसिद्ध झालें. यांपैकीं बेंजिओ व लकून हे पुढें यंत्रास शिकविण्याच्या विद्येंत इतके मोठे झाले कीं, २०१८ चें ट्यूरिंग पारितोषिक त्यांस जेफ्री हिंटन यांच्याबरोबर मिळालें. जुनीं पुस्तकें लहानशा जागेंत कोंबण्याचें हें काम त्यांच्या चरित्रांत आतां तळटीपेइतकेंच उरलें आहे. नांव फ्रेंच असून त्याचा अर्थ 'पूर्वीं पाहिलेलें' असा आहे. हें नांव किती यथार्थ आहे तें पुढें दिसेल.

या खटाटोपाची गरज त्या काळच्या तारांवरून कळते. सुमारें ए-चार मापाचें एक रंगीत पान इंचास ३०० ठिपके या प्रमाणानें उतरविलें, तर कच्च्या स्थितींत तें सुमारें २५ मेगाबाइट जागा घेतें. त्या काळच्या टेलिफोनच्या तारेवरून, सेकंदास ५६ हजार बिट या उत्तम वेगानेंही, तें आणण्यास तासभर लागे. देजाव्हू पद्धतीनें तेंच पान सामान्यतः १०० किलोबाइटांच्या आंत बसे, म्हणजे पंधरा सेकंदांचें काम झालें. ग्रंथालयांस हें वरदान वाटलें यांत नवल नाहीं. २००० मध्यें ही विद्या लिझर्डटेक नांवाच्या कंपनीकडे गेली. पुढें मूळ शोधकांपैकीं कांहींनीं देजाव्हूलिब्रे या नांवानें तिचे प्रोग्रॅम सर्वांस मोकळे करून दिले. आज ही जात जिवंत आहे ती मुख्यत्वें त्यामुळें. इंटरनेट आर्काइव्ह या मोठ्या ग्रंथसंग्रहानें आपल्या लक्षावधि पुस्तकांच्या देजाव्हू प्रती वर्षानुवर्षें तयार केल्या व २०१६ मध्यें ती प्रथा बंद केली. जाळ्यावरचीं पानें दाखविणाऱ्या प्रोग्रॅमांत पूर्वीं जोड बसवून अशा फाइली पाहतां येत. क्रोमनें २०१५ मध्यें व फायरफॉक्सनें २०१७ मध्यें तसल्या जोडांस दार बंद केलें. पी-डी-एफ् जातीनें सर्वत्र ठाण मांडलें आणि देजाव्हू ही वाचकांस अपरिचित झाली. परंतु जुने संग्रह तिनें भरलेले आहेत, म्हणून तिची ओळख ठेवणें भाग आहे.

फाइलीची रचना रुमालासारखी आहे. बाहेर एक फडकें, आंत पुडकीं, आणि प्रत्येक पुडक्यावर चार अक्षरांचें नांव व त्याची लांबी. ही रीत देजाव्हूकर्त्यांची नव्हे; १९८५ मध्यें इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीनें चित्रें, ध्वनि इत्यादि एकत्र बांधण्यासाठीं ती प्रचारांत आणिली होती. अनेक पानांच्या देजाव्हूंत पहिलें पुडकें रुमालाच्या यादीचें असतें. पुढें प्रत्येक पानाचा एक गठ्ठा, आणि त्याच्या तोंडाशीं दहा बाइटांचें एक छोटें टिपण असतें. त्यांत पानाची रुंदी, उंची, इंचास किती ठिपके वगैरे माहिती येते. येथें एक गंमत आहे. रुंदी व उंची यांचे आंकडे मोठ्या स्थानापासून लहान स्थानाकडे लिहिलेले असतात, पण त्याच टिपणांतील ठिपक्यांचा आंकडा मात्र उलट, लहान स्थान आधीं या रीतीनें लिहिलेला असतो. शकांक शब्दांनीं देतांना एकं स्थानापासून आरंभ करण्याची आपल्याकडील जुनी रीत ज्यांस माहीत आहे त्यांस याचें आश्चर्य वाटणार नाहीं. पण ही रीत न जाणतां आम्हीं प्रथम वाचन केलें तेव्हां आमच्या फाइलींत इंचास ३८,४०० ठिपके निघाले! खरा आंकडा १५० होता. हा १५० चा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा; पुढील सर्व अनर्थाचें बीज त्यांत आहे.

संग्राहकांस वारंवार नडणारी आणखी एक गोष्ट येथेंच सांगून टाकतों. देजाव्हू पुस्तक दोन प्रकारें बांधतां येतें : सर्व पानें एकाच फाइलींत घालून, किंवा यादीची एक फाइल व पानांच्या अनेक सुट्या फाइली असें. दुसऱ्या प्रकारांत यादीची फाइल अगदीं लहान असते. कित्येक जण पुस्तक म्हणून तेवढीच उचलून पाठवितात. रुमाल मागें राहतो व यादी येते. फाइल उघडते पण पान एकही दिसत नाहीं, असें झाल्यास दोष फाइलीचा न समजतां पाठविणाराकडे सुट्या पानांची मागणी करावी.

उघडण्याच्या कामीं विशेष अडचण नाहीं. विंडोज असलेल्या संगणकावर सुमात्रा-पी-डी-एफ् किंवा विनदेजव्ह्यू, लिनक्स असल्यास देजव्ह्यू अथवा ओक्युलर, हे सर्व विनामूल्य प्रोग्रॅम हें काम करतात. देजाव्हूलिब्रेच्या संचांत देजव्हूडंप नांवाचें एक साधन आहे. तें पान न दाखवितां आंतील पुडक्यांची यादी लांबीसह छापून देतें. संशोधकास त्याचा उपयोग प्रत्यक्ष पानापेक्षांही अधिक होतो असें आमचें मत आहे. त्याच संचांतील दुसऱ्या साधनानें फाइल पी-डी-एफ् करितां येते, मात्र त्यांत पानामागें दडवलेला यंत्रवाचित मजकूर येत नाहीं. मराठी पुस्तकांच्या बाबतींत ही हानि फारशी नाहीं. कारण देवनागरी न जाणणाऱ्या यंत्रानें वाचलेला तो मजकूर बहुधा रोमन अक्षरांचा कचरा असतो. रूपांतर केलें तरी मूळ देजाव्हू टाकूं नये हें मात्र आवर्जून सांगतों.

असो. फाइल उघडून आम्हीं ती स्नेह्यांकडे परत धाडली. दोन महिन्यांनीं त्यांच्याकडून एका लेखाचा मसुदा आला. पुस्तकांतील एका समारंभाच्या खर्चाची यादी त्यांनीं तपासली होती. दाणागल्ला रुपये १२५, कापड ११, तूप ४८, हशील ३६, मजुरी १७, एकूण ३१७ अशी ती यादी. बेरीज करून पाहतां २३७ च येतात. ८० रुपयांचा मेळ बसत नाहीं. यादी लिहिणाऱ्या कारकुनाचें नांव शेवटीं होतें. त्यानें ऐंशी रुपये खाल्ले असा स्नेह्यांचा निष्कर्ष असून, त्यावरून त्या घराण्याच्या कारभारांतील अंदाधुंदीविषयीं त्यांनीं चार पानें मोठ्या आवेशानें लिहिलीं होतीं. दोनशें वर्षांपूर्वीं मेलेला मनुष्य आपली बाजू मांडण्यास येत नाहीं, म्हणून मसुदा छापण्यास देण्यापूर्वीं छापील पुस्तक प्रत्यक्ष पाहावें असें आम्हीं सुचविलें. एका जुन्या ग्रंथालयांत तें मिळालें. तेथें कापडाची रक्कम स्वच्छ ९१ अशी होती. बेरीज बरोबर जमली व कारकून निर्दोष सुटला.

मग ९ चा १ कोणीं केला? पहिला तर्क असा कीं, छाप अस्पष्ट असेल व छायाचित्र फिकट आलें असेल. तसें असतें तर १ चें चिन्ह मोडकें, संशयास्पद दिसलें असतें. येथें उलट स्थिति होती. तो १ उत्तम, ठसठशीत होता. आम्हीं पान पुष्कळ मोठें करून ११ मधील दोन्ही अंक शेजारीं शेजारीं ठेवून पाहिले. दोघांत एका ठिपक्याचाही फरक नव्हता. १७ मधील १ ही तसाच. खिळ्यांनीं छापलेल्या पानावर असें कधीं होत नाहीं. एकाच साच्यांतून निघालेले दोन खिळे असले तरी शाई, दाब व कागदाचें सूत यांमुळें दोन ठशांत कांहीं तरी फरक राहतोच. हे तीन १ तीन वेळां छायाचित्रित झालेले नव्हते; एकच १ तीन ठिकाणीं चिकटविलेला होता.

याचें कारण समजण्यासाठीं देजाव्हू पान कसें बांधते तें पाहिलें पाहिजे. हें तंत्र पानाचे तीन थर करतें. शाईचा काळा-पांढरा थर बारीक विणीचा, सामान्यतः इंचास ३०० ठिपक्यांचा. कागदाचा, म्हणजे पार्श्वभूमीचा थर १०० ठिपक्यांचा. आणि शाईच्या रंगाचा थर अवघा २५ ठिपक्यांचा. यांपैकीं शाईच्या थरासाठीं जेबी-दोन नांवाची युक्ति योजिली आहे. एकमेकांस चिकटलेल्या काळ्या ठिपक्यांचा एक समूह ही एक आकृति धरून यंत्र आकृतींचा कोश तयार करतें. नवी आकृति आली कीं कोशांत तिच्यासारखी आहे काय हें तें पाहतें. असल्यास दोन मार्ग आहेत. एक प्रामाणिक मार्ग, जुन्या आकृतीच्या आधारानें नवीचे सर्व फरक नोंदण्याचा. त्यांत कांहींच हरवत नाहीं. दुसरा आळसाचा, 'ही तीच' असें म्हणून नुसता कोशाचा क्रमांक व पानावरील जागा लिहिण्याचा. फाइल बारीक होते ती या दुसऱ्या मार्गानें. इंचास १५० ठिपके असतां बारीक टाइपांतील ९ व १ यांच्यांत मोजकेच ठिपके भिन्न राहतात. यंत्रास ते धुळीएवढे वाटले आणि 'पूर्वीं पाहिलेला' १ त्यानें ९ च्या जागीं बसविला. नांवाची यथार्थता ती हीच.

आमच्या लिपीच्या बाबतींत एक विशेष आहे आणि तो, आमच्या पाहण्यांत तरी, कोणीं नीट नोंदलेला नाहीं. रोमन छपाईंत प्रत्येक अक्षर सुटें असतें, म्हणून ही युक्ति तेथें खूप जागा वांचविते व तेथें तिचा धोकाही सर्वत्र पसरलेला असतो. देवनागरींत शिरोरेघेमुळें सबंध शब्द एकच आकृति होतो. मोडींत तर आधीं ओळभर रेघ ओढून तिला अक्षरें टांगीत असल्यामुळें अवघी ओळच एक आकृति होते. कांहीं प्रोग्रॅम अशा लांबलचक आकृतीचे चौकोनी तुकडे पाडतात, पण तुकडे क्वचितच जुळतात. म्हणजे शिरोरेघ ही अक्षरांचें चिलखत ठरते. चिलखताबाहेर उरतात ते अंक. देवनागरींतील अंकांस शिरोरेघ नाहीं. ते सुटे, लहान व एकमेकांसारखे. आपल्या साधनांत तर अंक म्हणजे मित्या, शक, रकमा व फौजेची मोजदाद. जेथें इतिहासाचा कणा तेथेंच हा घाव बसतो, आणि भोंवतालचा मजकूर शुद्ध असल्यामुळें वाचकास शंकाही येत नाहीं.

याच पुस्तकांत आम्हांस एक पत्र आढळलें. त्यावर शके १६११ दिसत होतें, व संवत्सराचें नांव विरोधी होतें. शके १६११ चा संवत्सर शुक्ल. विरोधी हा शके १६९१ चा. छापील पुस्तकांत १६९१ च निघाला. माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दींतील, १७६९-७० चा कागद ऐंशी वर्षें मागें सरकून राजाराम महाराजांच्या काळांत जाऊन बसला होता. संवत्सराचें नांव अक्षरी असल्यामुळें शिरोरेघेच्या आश्रयानें तें वांचलें. नाहीं तर पत्रांतील मंडळींच्या नांवांवरून कोणीं तरी एक नवी वंशावळ उभी केली असती.

ही केवळ एका फाइलीची कुंडली नव्हे. २०१३ मध्यें दाविद क्रीझल या जर्मन संशोधकानें एका इमारतीचा नकाशा झेरॉक्स कंपनीच्या यंत्रावर उतरविला, तेव्हां निरनिराळ्या तीन खोल्यांचें क्षेत्रफळ नकलेंत एकच, १४.१३ चौरस मीटर, असें उमटलें. मुळांतील १७.४२ व २१.११ हे आंकडे यंत्रानें पुसून त्यांच्या जागीं पहिलाच आंकडा चिकटविला होता. तें यंत्र जेबी-दोनच्याच कुळांतील जेबिग-दोन ही युक्ति वापरीत असे. बभ्रा झाल्यावर कंपनीनें दुरुस्ती पुरविली. जेबिग-दोन ही पी-डी-एफ् फाइलींतही वापरतात, म्हणून 'आमच्या संग्रहांत देजाव्हू नाहीं' एवढ्यानें कोणीं निश्चिंत राहूं नये.

जुना नकलकार चुकत असे, पण त्याच्या चुकांची जात आपण ओळखतों. ओळ गाळणें, शब्द दोनदां लिहिणें, अनोळखी नांवाच्या जागीं ओळखीचें घालणें, हे त्याचे दोष. आणि जेथें त्यास लागलें नाहीं तेथें तो बहुधा जागा कोरी तरी सोडी. हा नवा नकलकार जागा कोरी सोडीत नाहीं. त्याची चूक त्याच्या बरोबर अक्षराइतकीच सुंदर असते. शिवाय आपण कोणत्या मार्गानें नक्कल केली याची नोंद तो फाइलींत ठेवीत नाहीं. देजव्हूडंपच्या यादींत शाईच्या पुडक्याची लांबी दिसते, प्रामाणिकपणा दिसत नाहीं. म्हणून आम्ही आतां कोणत्याही अशा प्रतींतील अंक घेण्यापूर्वीं इंचास किती ठिपके आहेत हें पाहतों. त्या पानावरील एकाच अंकाचे चार-पांच ठसे मोठे करून ताडून पाहतों, व ते ठिपक्या-ठिपक्याशीं सारखे निघाले तर त्या प्रतीवरून एकही अंक उद्धृत करीत नाहीं. रकमांची बेरीज करतों, शकाचा संवत्सराशीं व तिथीचा वाराशीं मेळ घालतों. हें काम आपले वडील नकलकारांच्या प्रतींवर करीतच असत.

स्वतः देजाव्हू करावयाची असल्यास देजाव्हूलिब्रेंतील काळ्या-पांढऱ्या पानांचें साधन मुळांत कांहीं हरवूं न देतांच काम करतें. हरवण्याची परवानगी आपण मागून द्यावी लागते, ती देऊं नये. 'स्वच्छ करणें' म्हणून आणखी एक सोय आहे, तीही टाळावी. ती बारीक ठिपके धूळ समजून पुसते, आणि कमी ठिपक्यांच्या चित्रांत आपला अनुस्वार धुळीहून फारसा मोठा नसतो. 'त्यांस दिले' व 'त्यास दिले' यांतील अंतर इनामाच्या कागदांत किती, हें वाचकांस सांगावयास नको. हस्तलिखितांसाठीं तर थर पाडण्याची ही रीतच आम्हांस अयोग्य वाटते. फिकी शाई, खोडलेलें अक्षर, अर्धवट उमटलेला शिक्का हें सर्व यंत्र कागदाच्या थरांत ढकलतें, आणि तेथें तें तिप्पट जाड विणींत विरून जातें. त्यांचीं चित्रें टिफ् जातींत, कांहीं न गाळतां ठेवावीं व देजाव्हू केवळ चाळण्यापुरती करावी.

वरील पुस्तकाच्या मूळ छायाचित्रांचा शोध आम्हीं केला. फाइल तयार होतांच जागा अडते म्हणून तीं पुसून टाकलीं असें कळलें. ग्रंथालयांतील प्रतीचा कागद ठिसूळ झाला असून पान उलटतांना कोपरे तुटतात; तरी ग्रंथपालांच्या अनुमतीनें आम्हीं इंचास ६०० ठिपके या प्रमाणानें नवीं चित्रें घेतलीं आहेत व जुन्या फाइलींतील अंकांचें शुद्धिपत्र तयार केलें आहे. स्नेह्यांनीं आपला लेख परत घेतला. त्यांच्या संग्रहांत त्याच हातच्या आणखी फाइली आहेत, त्या तपासण्याचें काम सध्यां दोघे मिळून करीत आहों.